नाव पुकारताना

"पेंढारकर... पेंढारकर... शेवटची हाक, पेंढारकर!"

मी वाळूच्या खड्ड्याशेजारी पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि ही पेंढारकर कुठे तडमडली म्हणून इकडेतिकडे बघत होते. साल 1986, इयत्ता नववी, घाटावरच्या एका शहरातली विभागीय शालेय स्पर्धा. सावंतवाडीहून एसटीने आंबोली चढून आम्ही पाच-सहा जण आलो होतो. पंचांनी लाल झेंडा वर केला, कागदावर फुली मारली, आणि तेव्हा कुठे आमच्या सरांच्या डोक्यात प्रकाश पडला की पेंढारकर म्हणजे मीच. पेडणेकर. तीन उड्यांपैकी एक न मारताच गेली. सर भांडले. पंच म्हणाले, तीनदा पुकारलंय. पुकारलं होतंच, पण दुसऱ्याच कुणाला तरी.

उरलेल्या दोन उड्यांत मी पाचवी आले. सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यावरही पेंढारकर. पुढे लग्नानंतर आडनाव पुन्हा बदललं, तेव्हा हे असं व्हायची सवय आहे मला, असं म्हणून मी सासरच्यांना हसवलं होतं. प्रमाणपत्र मात्र ट्रंकेत आहे अजून.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा एक विचित्र छंद. मी निकालांचे तक्ते वाचते. क्रिकेटचे नव्हेत, मैदानी खेळांचे. आणि त्यातही एका अशा स्पर्धेचे, जिच्याबद्दल आपल्याकडे कुणाला काही पडलेलं नाही. इबेरो-अमेरिकन अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांची, साधारण दर दोन वर्षांनी भरणारी. नवरा विचारतो, "तुझं कोण धावतंय तिकडे?" कुणी नाही. मी नावं वाचते, मोठ्याने, एकेक करून.

नावांचा हा नाद लागला बांबोळीला. जानेवारी 2014 मध्ये गोव्यात लुसोफोनिया खेळ झाले. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांचे हे खेळ आधी 2006 मध्ये मकावला आणि 2009 मध्ये लिस्बनला झाले होते. तिसऱ्या खेपेला गोवा. भारताला त्यात जागा मिळाली ती गोव्यामुळेच. पोर्तुगीज जाऊन बावन्न वर्षं झाली होती, आणि अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, साओ टोमेची पोरं आपापल्या झेंड्यांचे ट्रॅकसूट घालून हमरस्त्यालगतच्या त्या टेकाडावर धावायला आली होती. वाडीहून बांबोळी म्हणजे आमच्यासाठी गोवा मेडिकल कॉलेज. घरात कुणाला जड दुखणं आलं की गाडी तिकडेच वळते. दुखणं नसताना तिथे उतरायची माझी ती पहिलीच वेळ. समोरच्या मैदानात शिरले, फुकट होतं, आणि लांब उडीच्या खड्ड्यासमोर सावली बघून बसले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. डोक्याला हॅट, मांडीवर थर्मास, वय पंचाहत्तरीच्या पलीकडे. कर्ण्यावरून नावं पुकारणारा मुलगा बिचारा इंग्रजी शाळेतला. समोर 'झेड', 'क्यू' आणि शब्दावर लाटा काढलेली अक्षरं आली की अडखळायचा. 'जोआओ' म्हणाला. म्हातारबाबांनी जीभ चावली. पुन्हा 'जोआओ'. मग ते माझ्याकडे वळून, जणू चूक माझीच असावी तसे, म्हणाले, "तशें न्हय गो बाय. जुवांव. नाकांतल्यान म्हण." मी नाकातून म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला.

त्यांचं शिक्षण लिसेंवात, म्हणजे पणजीच्या लिसेऊ या पोर्तुगीज शाळेत झालेलं. पुढला तासभर प्रत्येक नाव ते आधी स्वतःशी पुटपुटत, मग कर्ण्यावरून येणाऱ्या उच्चाराची वाट बघत, आणि मग उसासा टाकत. उड्या किती पडल्या याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

घरी आल्यावर मी कुतूहलाने शोधायला लागले, की या मुलांना आपली नावं नीट ऐकू येतील अशी एखादी जागा आहे का. अशी ती इबेरो-अमेरिकन स्पर्धा सापडली.

तिची सुरुवात 1983 ची, बार्सिलोनात. त्याआधी 1960 मध्ये चिलीतल्या सांतियागोला आणि 1962 मध्ये माद्रिदला 'इबेरो-अमेरिकन खेळ' या नावाने दोन प्रयोग झाले होते, पण ती गाडी तिथेच थांबली. (1960 मध्ये गोवा अजून पोर्तुगालच्याच ताब्यात होता. बांबोळीचे माझे म्हातारबाबा तेव्हा वीस-पंचवीसचे असतील.) बार्सिलोनानंतर 1986 मध्ये हवाना. मी पेंढारकर झाले ते साल. मग मेक्सिको सिटी, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं मानाउस, आणि असं करत 2024 च्या मे महिन्यात ब्राझीलचं कुयाबा. मधली 2020 ची तेनेरीफची खेप करोनाने खाल्ली.

यजमान गावांची यादी वाचताना एक गोष्ट खटकते. 1992 मध्ये सेव्हिल, 2004 मध्ये उएल्वा, 2010 मध्ये कादिसजवळचं सान फर्नांदो. तिन्ही स्पेनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली. कोलंबसची गलबतं निघाली ती उएल्वाजवळच्या पालोस बंदरातून. अमेरिकेची लूट उतरायची सेव्हिलच्या धक्क्यावर. आणि 1992 म्हणजे त्या सफरीला बरोबर पाचशे वर्षं. सान फर्नांदोला 1810 मध्ये स्पेनची संसद भरली होती आणि तिच्यात अमेरिकेतल्या वसाहतींचे प्रतिनिधीही बसले होते. तेही दोनशे वर्षांचं निमित्त धरून. म्हणजे ज्या किनाऱ्यावरून गलबतं निघाली, तिथेच त्या देशांच्या पोरांना शर्यतीला बोलवायचं. आपल्याकडे कुणी असं केलं असतं तर चार मोर्चे निघाले असते. मलाही हे जरा यजमानीणबाईंच्या थाटाचं वाटतं: या गं लेकींनो माहेरी! माहेर कसलं? पण लेकी येतात, आणि पदकं नेतात.

कुटुंब कुणाचं, हेही गमतीचं आहे. आंदोरात राजभाषा कातालान, तरी तो आत. आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी आत, कारण तिथे स्पॅनिश. पोर्तो रिको अमेरिकेच्या झेंड्याखाली असूनही धावताना स्वतःच्या नावाने धावतो, म्हणून तोही आत. 2006 ची स्पर्धा त्यांच्याच पोन्से गावात झाली. बाहेर कोण, तर अमेरिका आणि जमैका. त्यामुळे शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एरवी दिसणारे चेहरे इथे नसतात. एखाद्या पनामाच्या किंवा पाराग्वेच्या पोराला आठात उभं राहायला मिळतं. मोठमोठे खेळाडू पुष्कळदा येत नाहीत, वेळा विक्रमी नसतात, रँकिंगचे चार गुण पदरात पडावेत म्हणूनही काहीजण येतात. मला ते चालतं. तालुक्याच्या स्पर्धेला तरी विक्रम कोण करायला जातं?

आता ग्वाटेमालाची गोष्ट. ही वाचून मी रात्री उठून पाणी प्यायले होते.

2002 ची स्पर्धा ग्वाटेमाला सिटीत झाली, 'मातेओ फ्लोरेस' स्टेडियममध्ये. हा मातेओ फ्लोरेस कोण? 1952 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा ग्वाटेमालाचा धावपटू. राजधानीला लागून असलेल्या मिक्स्कोचा, माया वंशाचा, कापडगिरणीत काम करणारा. एप्रिलमधल्या त्या उन्हाच्या दिवशी 2 तास 31 मिनिटं 53 सेकंदांत पहिला आला, आणि मागचा माणूस जवळजवळ पाच मिनिटं मागे. देश वेडा झाला. राष्ट्रीय स्टेडियमला त्याचं नाव दिलं.

फक्त ते त्याचं नाव नव्हतं. त्याचं नाव दोरोतेओ ग्वामुच फ्लोरेस.

स्पॅनिश रीतीत माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. (पोर्तुगीजांत उलटं, आईचं आधी आणि बापाचं शेवटी, निकालाच्या तक्त्यात यावरून कितीदा घोळ होतो!) ग्वामुच हे बापाकडून आलेलं माया आडनाव. परदेशी बातमीदारांच्या जिभेला ते पेलेना असं सांगतात, म्हणून ते गळलं आणि आईकडचं स्पॅनिश आडनाव तेवढं राहिलं. दोरोतेओचा मातेओ झाला. आणि तेच नाव दगडात कोरून दरवाजावर लागलं. परक्यांनी चूक केली ती केली, घरच्यांनी ती दुरुस्तही केली नाही. ग्वामुचपेक्षा फ्लोरेस त्यांच्याही कानाला बरं वाटलं असणार.

2002 च्या मे महिन्यात वीसेक देशांची पोरं त्या दरवाजातून आत गेली तेव्हा ऐंशीच्या घरातला हा माणूस जिवंत होता. 2011 मध्ये गेला. आणि 2016 मध्ये सरकारने स्टेडियमचं नाव बदलून 'दोरोतेओ ग्वामुच फ्लोरेस' केलं. बोस्टननंतर चौसष्ट वर्षांनी, तो गेल्यावर पाच वर्षांनी.

मी ते नाव पुष्कळदा म्हणून बघते. ग्वामुच. काय कठीण आहे त्यात?

म्हणून ही नावं वाचायची. ही स्पर्धा म्हणजे निदान अशी जागा, जिथे कर्ण्यावरचा माणूस 'जुवांव'ला अडत नाही, 'नुन्येस'ला अडत नाही. ग्वामुच, मामानी, किस्पे ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची नावं मात्र तिथल्याही कर्ण्याला कधीकाळी नकोशी होती. स्पॅनिश बोलणारे सगळे एकमेकांना नीट हाक मारतात असं समजायचं कारण नाही.

हे सगळं सोडून आता तिहेरी उडीकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे आहे. आमच्या वेळी मुलींना लांब उडी, उंच उडी, गोळा, थाळी. तिहेरी उडी मुलांची. का, तर 'मुलींच्या अंगाला झेपत नाही'. मी संध्याकाळी शाळेच्या मागच्या कातळावर एकटी करून बघायची: एकाच पायावर पडून पुन्हा उडायचं, मग दुसऱ्यावर, मग शेवटची झेप. टाच सोलून निघायची. ऑलिंपिकमध्ये बायकांची तिहेरी उडी आली ती 1996 साली, अटलांटात. म्हणजे आमच्या पीटीच्या सरांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

ही उडी म्हणजे इबेरो-अमेरिकन लोकांची घरची खेळी. ब्राझीलचा आदेमार फेरेरा दा सिल्वा 1952 आणि 1956 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं घेऊन गेला. साओ पावलो फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर जे दोन सोनेरी तारे आहेत ते फुटबॉलसाठी नव्हेत, याच्या उड्यांसाठी. मग आला जुवांव कार्लोस दे ओलिवेरा. 1975 मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, 2240 मीटर उंचीवर, त्याने 17.89 मीटरची उडी मारून आधीच्या जागतिक विक्रमात एकदम 45 सेंटिमीटरची भर घातली. लोकांनी त्याचं आडनावच टाकून दिलं आणि त्याला 'जुवांव दो पुलो' म्हणू लागले, उडीचा जुवांव. हे मात्र नाव हिरावणं नव्हे. आपल्याकडे 'भजीवाले' आडनाव पडतं तशातलं. 1981 च्या अखेरीस मोटार अपघातात त्याच्या पायावर घाला आला आणि शेवटी तो पाय कापावा लागला. उडीच्या जुवांवचा पाय. पुढचं लिहवत नाही.

या एका खेळाला चार नावं आहेत. स्पेनमध्ये 'त्रिप्ले साल्तो', लॅटिन अमेरिकेत 'साल्तो त्रिप्ले', पोर्तुगालमध्ये 'त्रिप्लु साल्तु', ब्राझीलमध्ये 'साल्तो त्रिप्लो'. तेच दोन शब्द, नुसते मागेपुढे. आमच्याकडे वाडीची मालवणी आणि पेडण्याची कोकणी यांत असतं तितकंच अंतर. एकमेकांचं समजतं, आणि हसूही येतं.

समजण्याचा फायदा केवढा, तो बघा. कोलंबियाची कातेरीन इबार्ग्वेन आजीने वाढवलेली, आधी उंच उडी मारायची. पोर्तो रिकोत उबाल्दो दुआनी या क्युबन प्रशिक्षकाने तिला तिहेरीकडे वळवलं, आणि 2016 च्या रिओत ती सुवर्ण घेऊन गेली. तिथे रौप्य कुणाचं? व्हेनेझुएलाच्या युलिमार रोहासचं. हीदेखील उंच उडीतूनच आलेली. क्युबाचा इवान पेद्रोसो, लांब उडीचा ऑलिंपिक विजेता, स्पेनमध्ये शिकवतो हे कळल्यावर या पोरीने त्याला सरळ फेसबुकवर निरोप धाडला. त्याने उत्तर दिलं. ती स्पेनच्या ग्वादालाहाराला गेली. 1 ऑगस्ट 2021 ला टोकियोत तिने 15.67 मीटर मारली आणि सव्वीस वर्षांचा जुना विक्रम मोडला. त्या दिवशी मी एकटीच टीव्हीपुढे उभी होते. दुसरी पात्रीसिया मामोना, पोर्तुगाल, आईवडील अंगोलाचे. तिसरी आना पेलेतेरो, स्पेन, तीही पेद्रोसोचीच शिष्या. व्यासपीठावरच्या तिघी आणि एकाच शब्दाची तीन रूपं!

2024 ला पॅरिसमध्ये पुरुषांचं व्यासपीठ बघून मात्र आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना. सुवर्ण स्पेनच्या जॉर्डन दियासला, 17.86. रौप्य पोर्तुगालच्या पेद्रो पिचार्दोला, 17.84. कांस्य इटलीच्या अँडी दियासला, 17.64. तिघेही क्युबात जन्मलेले. क्युबाच्या नावावर यातलं एकही नाही. तालीम घरची, भाषा घरची, पगार परका. कोकणातल्या माणसाला यावर वेगळं काही सांगायला नको. आमच्याकडे शिमग्याला घर उघडतात आणि चार दिवसांनी पुन्हा कुलूप.

आणि गंमत म्हणजे आपल्या तिहेरी उडीची दोरीही तिकडेच बांधलेली आहे. तमिळनाडूच्या प्रवीण चित्रवेलने 17.37 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला तो मे 2023 मध्ये, चक्क हवानात. शिकवणारा योआंद्री बेतांसोस, क्युबाचा, दोनदा जागतिक रौप्यपदक मिळवलेला. 'चित्रवेल' हे नाव हवानाच्या कर्ण्यावर कसं आलं असेल, याचा मी विचार करते. 'ळ' तरी नाही त्यात, नशीब.

बांबोळीला परत जाते. दुपार कलली होती. खड्ड्यापाशी मोजणारी दोन मुलं वाकून फीत ताणत होती. मी काही बोलायचं म्हणून म्हटलं, "फीत नीट धरत नाहीयेत." म्हातारबाबांनी मान वळवली. "कितें म्हणलें?" मी पुन्हा म्हटलं, फीत. ते हसायला लागले, हॅट काढून हसले. "फिता! फिता गो ती, आमची पोर्तुगीज!" खरंच. उद्घाटनाला आपण कापतो ती, वेणीला बांधतो ती, शर्यतीच्या शेवटी छातीने तोडतो ती. चावी, पगार, बटाटा, घमेलं यांच्याबरोबर हीसुद्धा गलबतातून उतरलेली. आमच्या पीटीच्या सरांनी उभी हयात 'फीत धर रे' म्हणण्यात घालवली, आणि त्यांना कुणी सांगितलं असतं की सर, तुम्ही पोर्तुगीज बोलताय, तर त्यांनी शिट्टी फेकून मारली असती.

मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव सासरचं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं. "कुळारचें?"

"पेडणेकर."

"पेडणेकार," ते म्हणाले, शेवटचा 'का' लांबवून, पेडण्याच्या बाजाराच्या दिवशी माणसं म्हणतात तसं. "म्हळ्यार पेडण्यांचीं तुमीं."

तेवढ्यात कर्ण्यावरून पुन्हा नाव आलं, तीन तुकड्यांत, तिन्ही चुकलेले. खड्ड्याच्या कडेला सात-आठ पोरं बसली होती. कुणीच हललं नाही. मी उगाच पुढे सरकून बसले. मग त्यांतल्या एका उंच, सावळ्या मुलाने छातीवरच्या नंबराकडे खाली बघितलं, पंचांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि बूट झटकत उठला.